सामूहिक नाट्यवाचनात भूमिका कशा वाटाव्यात?

शाईपेन

नमस्कार. ठाण्यात आमचा १३ जणांचा नाट्यवाचनाचा गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका ग्रंथालयाच्या माडीवर आम्ही गोल करून बसतो आणि एक नाटक पहिल्या अंकापासून पडदा पडेपर्यंत वाचतो. समोर श्रोते नसतात. वाचणारे तेच ऐकणारे. चार वर्षांत आम्ही गडकऱ्यांपासून आळेकरांपर्यंत बरीच नाटके वाचली. भूमिका वाटण्याचे काम पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे आणि आजवर मी ते एकाच हिशेबाने करत आले: ज्याचे वाचन चांगले, त्याला मोठी भूमिका.

गेल्या महिन्यात आम्ही ‘तुझे आहे तुजपाशी’ वाचले. काकाजी आणि आचार्य या दोन्ही भूमिका नेहमीच्या दोघांकडे गेल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या वाट्याला नेहमीप्रमाणे चार-दोन वाक्ये आली. वाचन संपल्यावर चहाचे पेले गोळा करताना ते अगदी शांतपणे मला म्हणाले, “पुढच्या वेळेपासून मी नुसता ऐकायला येईन. मला वाचायला देऊ नका.” त्यांची प्रत टेबलावर राहिली होती. आपली वाक्ये ते पट्टी लावून पेन्सिलीने अधोरेखित करतात हे मला ठाऊक होते; पण पाने उलटली तेव्हा दिसले की काकाजींच्या लांब भाषणांतही श्वास कोठे घ्यायचा त्याच्या बारीक उभ्या रेघा त्यांनी मारून ठेवल्या होत्या. घरी बसून त्यांनी ती सगळी भूमिका वाचली होती, आणि चार वर्षांत मी त्यांना कोणती भूमिका हवी असे एकदाही विचारले नव्हते.

पुढच्या महिन्यात तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्यायचे ठरले आहे; एक हौशी नाटकमंडळी गमतीत खोटा खटला रचते आणि बेणारेला आरोपी करते, ते हे नाटक. त्यात मुख्य भूमिका आठ, आणि त्यांत स्त्रियांच्या दोनच, बेणारे व सौ. काशीकर. आमच्याकडे ८ स्त्रिया आणि ५ पुरुष आहेत. तुमच्या गटांत भूमिका कोण वाटते आणि कशी वाटते? कोणी दुखावले जाऊ नये आणि नाटकही नीट उभे राहावे, यासाठी तुम्ही काय करता, ते कृपया सविस्तर लिहावे.

तिसरी घंटा

शाईपेन, वाचन कोणासाठी आहे हे एकदा ठरले की वाटणीचा निम्मा प्रश्न सुटतो. श्रोत्यांना बोलावून केलेले अभिवाचन वेगळे, बसवायच्या नाटकाचे तालमीतले वाचन वेगळे, आणि तुमच्यासारखे आपापसांत केलेले वाचन त्याहून वेगळे. पूर्वीच्या नाटक मंडळ्यांत नाटककार स्वतः सगळे नाटक एकट्याने वाचून दाखवत असे. मंडळींच्या कानावर नाटक एका आवाजात, सलग पडायचे आणि मग भूमिकांचे बोलणे व्हायचे. अभिवाचनाला लोक वेळ काढून येतात, तेथे उत्तम वाचकाला मोठी भूमिका दिलीच पाहिजे आणि त्यात भीड धरू नये. पण जेथे श्रोताच नाही, तेथे तो नियम कोणाच्या सोयीसाठी लावायचा?

पुण्यात आम्ही हौशी नाटके करत असू तेव्हा तालमींच्या पहिल्या आठवड्यात मी भूमिका मुद्दाम फिरत्या ठेवत असे. आज ज्याने नायक वाचला त्याने उद्या नायकाचा विरोधक वाचायचा. याचा खरा फायदा नंतर दिसायचा. ज्याने समोरच्याचे वाक्य एकदा स्वतःच्या तोंडून म्हटले आहे, तो पुढे ते वाक्य ऐकताना आपल्या पाळीची वाट पाहत बसत नाही; तो खरोखर ऐकतो. तुमच्या गटात सुखात्मे, म्हणजे त्या खटल्यातला वकील, वाचणाऱ्याने आधी घरी बेणारेचे शेवटचे भाषण मोठ्याने वाचून यावे, एवढे केले तरी दुसऱ्या अंकातले त्याचे प्रश्न वेगळे ऐकू येतील.

साधा श्रोता

माझा थोडा वेगळा अनुभव नोंदवतो. मी वाचत नाही, फक्त ऐकायला जातो. आमच्याकडे सर्वांना संधी मिळावी म्हणून प्रत्येक प्रवेशाला वाचक बदलत असत. तिसऱ्या प्रवेशापर्यंत कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाची सून हे कळेनासे होई. एका पात्राला एक आवाज हवा, असे माझे ठाम मत आहे. संधी द्यायची असेल तर ती या महिन्यात एकाला, पुढच्या महिन्यात दुसऱ्याला अशी द्यावी. एकाच नाटकाचे तुकडे करून वाटू नयेत.

गणिताची वही

मी आमच्या गटासाठी तक्ता करते, त्याची रीत सांगते. एका आखीव कागदावर वरच्या ओळीत प्रवेश किंवा अंकाचे भाग लिहायचे आणि डावीकडे पात्रांची नावे. पात्र ज्या भागात बोलते तेथे खूण करायची, आणि त्याची भाषणे मोजून तो आकडा खुणेशेजारी लिहायचा. पाऊण तास लागतो, पण नाटक आरपार दिसू लागते. “छोटी भूमिका” म्हणून आपण जिला बाजूला ठेवतो तिची भाषणे कधी कधी मधल्या भूमिकेपेक्षा जास्त भरतात, फक्त ती एक-दोन शब्दांची असतात. उलट एखादी “मोठी” भूमिका तीनच ठिकाणी येते आणि प्रत्येक वेळी पानभर बोलते. वाटणी करताना हे दोन आकडे वेगळे धरावे लागतात, कारण काहींना लांब भाषण पेलत नाही पण झटपट उत्तरे सुंदर देता येतात.

एकाच वाचकाला दोन भूमिका द्यायच्या असतील तर त्या दोन पात्रांची एकमेकांशी गाठ पडत नाही ना, एवढे तक्त्यात पाहावे. आम्ही ‘एकच प्याला’ वाचले तेव्हा आर्यमदिरामंडळाच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या मंडळाच्या, प्रवेशांत सिंधू आणि गीता ही स्त्रीपात्रे नाहीत हे तक्त्यामुळे डोळ्यांसमोर आले. मग मंडळाचे सभासद आम्ही स्त्री-वाचकांनाच वाटले. नाही तर चार पुरुष तास-तास वाचत राहिले असते आणि बाकीच्या आम्ही पाने उलटत बसलो असतो.

साधा श्रोता यांचे म्हणणे मला पटते, पण त्याला एक पर्याय आहे. बदल प्रवेशाला न करता अंकाला करावा आणि गळ्यात पात्राच्या नावाची पुठ्ठ्याची पाटी घालावी. पाटी एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली की ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

चिठ्ठीवाली

आम्ही सरळ चिठ्ठ्या टाकतो. एका डब्यात पात्रे आणि दुसऱ्यात वाचकांची नावे. वाटणाऱ्याच्या डोक्याला ताप नाही आणि कोणावर राग नाही. एकदा ‘नटसम्राट’च्या वेळी गणपतराव बेलवलकरांची चिठ्ठी १९ वर्षांच्या एका मुलीला आली. सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने पहिले स्वगत जपून, पाठ म्हटल्यासारखे वाचले. पण घर सुटते त्या भागापासून ती त्यात शिरली, आणि कावेरी वाचणाऱ्या ६५ वर्षांच्या बाईंनी तिला जे “अहो” म्हटले ते अजून माझ्या कानात आहे. माणूस म्हातारा आहे की तरुण, हे त्यानंतर कोणी मनात आणले नाही.

तिसरी घंटा

चिठ्ठीवाली, त्या मुलीचे मनापासून कौतुक. पण चिठ्ठीत मला एक उणीव दिसते. चिठ्ठी कोणाला दुखावत नाही, आणि कोणाला ओळखतही नाही. शाईपेन यांच्या त्या सभासदांच्या मनात काकाजी होते. डब्यातून त्यांना कदाचित जगन्नाथ मिळाला असता आणि त्यांनी तो निमूटपणे वाचलाही असता. त्यांना काय वाचावेसे वाटते हे तेव्हाही कोणी विचारले नसतेच.

चिठ्ठीवाली

हे मान्य आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या एका अनुभवामागे तीन फसलेली वाचनेही आहेत. एकदा दोन मोठ्या भूमिका अशा दोघांकडे गेल्या की त्यांनी नाटक आधी उघडून पाहिलेच नव्हते. दीड तासाचा अंक सव्वादोन तास चालला आणि दोन जण मधूनच निघून गेले. आता आम्ही चिठ्ठ्या वाचनाच्या दिवशी न टाकता १५ दिवस आधी टाकतो, आणि ज्याला भूमिका बदलून हवी असेल त्याने तीन दिवसांत सांगायचे असा नियम केला आहे.

वऱ्हाडी ठसका

अमरावतीहून लिहितो. आमच्याकडे वाटणीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे बोली. ‘वाडा चिरेबंदी’ घेतले तेव्हा वाड्यातली माणसे वऱ्हाडी बोलणाऱ्यांनीच वाचावीत यावर आम्ही अडून बसलो, आणि मुंबईहून आलेली अंजली मूळच्या रत्नागिरीकडच्या एका शिक्षिकेला दिली. काहींना वाटले, हा तर माणसांना त्यांच्या गावावरून भूमिका देण्याचा प्रकार झाला. पण त्या घरात ती सून बाहेरची आहे हे कळायला सुधीर आणि अंजली यांच्या तोंडच्या मराठीतले अंतर कानांवर पडावेच लागते. नक्कल करून वऱ्हाडी बोलणारा दोन पानांत थकतो आणि तिसऱ्या पानापासून त्याची वऱ्हाडी विनोदी वाटू लागते. एलकुंचवारांच्या त्या नाटकात असे हसू नको त्या जागी आले तर सगळा अंकच हातचा जातो.

आता त्या नाटकातल्या दादीविषयी. म्हाताऱ्या दादीला बोलायला फार नाही. गेलेल्या मुलाला, व्यंकटेशला, हाक मारून ती पुन्हा पुन्हा वेळ विचारते, एवढेच. आमच्या गटातल्या ८१ वर्षांच्या एका आजींना जाड चष्म्यानेही छापील अक्षर दिसत नसे, म्हणून त्या केवळ ऐकायला येत. त्यांना आम्ही दादी दिली. वाक्य पाठच होते. प्रश्न होता तो वेळेवर बोलण्याचा. त्यांनी स्वतःच सुचवले की मी तुमच्यांत बसत नाही, आतल्या खोलीत खाटेवर बसते, आणि माझ्या नातीने माझ्या हाताला हात लावला की मी हाक मारते. आम्ही बाहेर वाचत होतो. जमिनीवरून, दागिन्यांवरून भावांची बोलणी रंगात आली की दाराआडून ती हाक यायची, आणि प्रत्येक वेळी वाचणाऱ्यांचे डोळे प्रतीवरून उठून दाराकडे जायचे. त्या दिवसानंतर “छोटी भूमिका” हा शब्द आम्ही वापरत नाही. भाषणे किती आहेत यापेक्षा ती कोणत्या क्षणी पडतात हे तक्त्यात दाखवता आले तर गणिताची वही यांनी जरूर दाखवावे.

गणिताची वही

आकड्यांत नाही दाखवता येणार. पण पुढच्या तक्त्यात अशा जागांना मी लाल खूण करीन. सुचवल्याबद्दल आभार.

तळकोकण

सावंतवाडीत आमचा फक्त स्त्रियांचा गट आहे, ११ जणींचा. त्यामुळे पुरुषपात्रे कोणी वाचायची हा प्रश्न आम्हाला पडतच नाही. सगळी आम्हीच वाचतो. शाईपेन, तुमच्या ८ जणींना दोन भूमिकांत कसे बसवायचे याची चिंता सोडून द्या. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले तेव्हा सिंधू बालगंधर्वांनी केली, आणि लोकांनी ती सिंधू म्हणूनच पाहिली. तेव्हा पुरुषाने लुगडे नेसून जे केले, त्याच्या मानाने आपल्याला पुष्कळ कमी करायचे आहे. आपल्याला नेसायचे काहीच नाही, नुसते वाचायचे आहे.

एकच पथ्य आम्ही पाळतो. पुरुषपात्र वाचताना आवाज जाड करायचा नाही. सुरुवातीला आम्ही तो करत असू. त्याने घसा बसतो आणि सगळे लक्ष आवाजाकडे जाऊन वाक्याच्या अर्थाकडे दुर्लक्ष होते. सुखात्मे साक्षीदाराला कसा घेरतो, कोणत्या शब्दावर थांबतो, न्यायाधीश झालेले काशीकर मधेच स्वतःचे शहाणपण कसे घुसडतात, हे सगळे वाक्यांतच आहे. आपल्या नेहमीच्या आवाजात ते वाचले की उलट अंगावर येते. आम्ही हे नाटक दोन वर्षांपूर्वी वाचले. आपल्यासारख्याच एका बाईचा आवाज बेणारेला ते प्रश्न विचारतो आहे, हे ऐकताना खोलीत कोणी हलले नाही.

हिमवाट

कॅनडातून लिहीत आहे. आमच्या मंडळातल्या वाचनाला चार-पाच तरुण मुले-मुली येतात, त्यांचा जन्म इकडचा. ती मराठी उत्तम बोलतात, पण देवनागरी सावकाश वाचतात. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना भूमिका दिल्या नाहीत, आणि ती यायची बंद झाली. आता जो भूमिका वाटतो तो त्या मुलांची भाषणे स्वतःच्या आवाजात मुद्रित करून आठवडाभर आधी पाठवतो. मुले ती ऐकत-ऐकत प्रतीवर बोट फिरवतात. रोमन लिपीत लिहून द्यावे असेही कोणी सुचवले होते. एकदा करून पाहिले, पण ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांचा सगळा घोळ झाला. तेव्हापासून देवनागरी प्रतच, फक्त मोठ्या अक्षरांत.

भूमिकेच्या निवडीतही आम्ही काळजी घेतो. ‘शांतता!’मध्ये बाळू रोकडे असा आहे की त्याला सगळे दटावतात आणि तो चाचरत बोलतो. आमच्याकडे अडखळत वाचणाऱ्या एका मुलाला आम्ही तोच दिला, म्हणजे त्याचे अडखळणे भूमिकेत खपून जाईल.

पाणवठा

हिमवाट, आपला हेतू चांगला आहे हे मला दिसते, आणि तरीही यावर मला लिहिलेच पाहिजे.

मी लहानपणापासून बोलताना अडखळतो. आमच्या गटात पहिली दोन वर्षे मला एक तर भूमिका मिळत नसे, किंवा घाबरलेल्या, गोंधळलेल्या माणसाची मिळत असे. मला त्रास होऊ नये म्हणूनच सगळे तसे करत होते. पण लोकांना एक गोष्ट माहीत नव्हती. दुसऱ्याचे लिहिलेले वाक्य, दुसऱ्याच्या नावाने बोलताना माझी जीभ पुष्कळदा अडत नाही. अडखळणाऱ्या सर्वांचे असे होते असे मी म्हणणार नाही, माझ्यापुरते सांगतो. मी घरी दार लावून मोठमोठी भाषणे सलग म्हणत असे, आणि रविवारी गटात जाऊन भेदरलेल्या कारकुनाची तीन वाक्ये वाचत असे. त्या तीन वाक्यांत मात्र मी नक्की अडत होतो, कारण सगळ्यांची तीच अपेक्षा होती.

मग एकदा ठरलेले एक जण आले नाहीत आणि त्यांची भूमिका आयत्या वेळी माझ्या हाती आली. पात्र रागीट होते. मी दोन ठिकाणी अडलो, थांबलो आणि पुढे गेलो. वाचनानंतर आमच्या गटप्रमुख माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मी हे तुला विचारायला हवे होते.” कौतुकाचे एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे.

तेव्हा हिमवाट, त्या मुलाला पुढच्या वेळी रोकडे देऊ नका. त्याला विचारा. कदाचित तो रोकडेच मागेल. मागितला तर अवश्य द्या.

हिमवाट

पाणवठा, तुमचे लिहिणे मी दोनदा वाचले आणि काल त्याच्याशी बोललो. त्याला पोंक्षे हवा आहे. पोंक्षे पाइप ओढत तोऱ्यात बोलतो, तसे बोलून पाहायचे आहे म्हणाला. पुढच्या वेळी पोंक्षे त्याचा.

नभोवाणी

मी काही वर्षे आकाशवाणीच्या श्रुतिकांतून छोटी कामे केली आहेत, त्या अनुभवावरून रंगसूचनांविषयी लिहितो, कारण त्यांची वाटणी कोणीच केलेली दिसत नाही. पुष्कळ गटांत रंगसूचना ज्याला भूमिका उरली नाही त्याच्या गळ्यात घालतात, आणि तो त्या किराण्याच्या यादीसारख्या वाचतो. माझ्या मते गटातल्या सर्वांत जाणत्या वाचकाकडे रंगसूचना द्याव्यात. कोणती वाचायची आणि कोणती गाळायची हे त्याला ठरवता आले पाहिजे. “हसून”, “रागाने” अशा कंसातल्या सूचना मोठ्याने वाचूच नयेत. त्या त्या वाचकाने त्या आपल्या आवाजात आणायच्या असतात. कोण आले, कोण गेले, कोणी काय उचलले, दिवा कधी मंद झाला, हे मात्र वाचलेच पाहिजे, आणि तेही पुढच्या वाक्याच्या लयीत.

‘शांतता!’मध्ये तर याला फार महत्त्व आहे. तिसऱ्या अंकात बेणारे कितीतरी वेळ बोलतच नाही. तिच्यावर आरोप होत राहतात, साक्षी होत राहतात, आणि ती गप्प असते. रंगमंचावर ती डोळ्यांसमोर बसलेली दिसते. वाचनात मात्र जो बोलत नाही तो नाहीसा होतो. म्हणून बेणारे वाचणारीला कोपऱ्यात बसवू नका. तिची खुर्ची मधोमध ठेवा आणि बाकीच्यांनी तिच्याकडे पाहून वाचावे. मग तिचे गप्प राहणे सगळ्यांना जाणवते. नाटकाच्या अगदी शेवटी सामंत हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो, तेव्हा तो एक शब्द बोलत नाही. ती जागा पूर्णपणे रंगसूचना वाचणाऱ्याच्या हाती आहे.

सामंताचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. या नाटकातली मंडळी स्वतःच भूमिकांची वाटणी करतात. न आलेल्या साक्षीदाराच्या जागी गावातल्या सामंताला उभे करतात, आणि सुखात्मे फिर्यादीचाही वकील होतो व आरोपीचाही. बेणारेला आरोपी करायचे हे तर तिला न विचारताच ठरते. वाटणीचा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या गटाने हे नाटक निवडले, याचे मला फार समाधान वाटले.

तळकोकण

नभोवाणी यांच्या मताला पूर्ण पाठिंबा. फक्त एक भर. बेणारेचे शेवटचे भाषण वाचणारीला त्याआधी पाणी द्यावे आणि घाई करू नये. काशीकर तिला दहा सेकंद देतात, ते दहा सेकंद घड्याळ लावून खरोखर गप्प बसून घालवा.

साधा श्रोता

जाता जाता विचारतो. १३ जणांपैकी आठ वाचणारे आणि एक रंगसूचनांचा धरला तर चौघे उरतात. त्यांचे काय करणार?

तिसरी घंटा

उरलेल्यांसाठी नाटकाच्या निवडीतच सोय करता येते. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली आले, त्यात १२ जणांची भिंत, म्हणजे ओळीने उभा राहून गाणारा समूह, आहे; ‘महानिर्वाण’ कीर्तनाच्या अंगाने जाते आणि त्यात चाळकरी आहेत. समूहाने म्हणायच्या ओळी असलेले असे एखादे नाटक वर्षातून दोन-तीनदा घेतले तर कोणी मोकळे राहत नाही. ‘शांतता!’मध्ये मात्र समूह नाही. तेथे अंकाला वाचक बदलण्यावाचून मला मार्ग दिसत नाही, आणि साधा श्रोता यांचा त्याला असलेला विरोधही चुकीचा म्हणता येत नाही.

शाईपेन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी एवढ्या उत्तरांची अपेक्षा केली नव्हती.

पाणवठा यांचे लिहिणे वाचले त्याच संध्याकाळी मी आमच्या त्या सभासदांना दूरध्वनी केला. कोणती भूमिका वाचायला आवडेल असे विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सुखात्मे कोणाकडे आहे?” मी म्हटले, अजून कोणाकडेच नाही. खरे तर तो नेहमीच्या वाचकाला देण्याचे माझ्या मनात होते. त्या वाचकाशी मी दुसऱ्या दिवशी बोलले आणि नभोवाणी यांचे रंगसूचनांविषयीचे म्हणणे त्यांना वाचून दाखवले. ते आधी थोडे नाराज झाले, पण रात्री त्यांचा निरोप आला की पोपटाची जागा त्यांनी चार प्रकारे वाचून पाहिली आहे.

इतरांनाही विचारले. काशीकर, कर्णिक आणि पोंक्षे स्त्रियांनी मागून घेतले. बेणारे तिघींना हवी होती. यावर पुष्कळ चर्चा झाली आणि तिघींनी मिळून ठरवले की पहिला अंक एकीने, दुसरा दुसरीने आणि तिसरा तिसरीने वाचायचा, पुठ्ठ्याच्या पाटीसह. म्हणजे उरलेल्या चौघांपैकी दोघी सामावल्या. बाकीच्या दोघांनी या वेळी ऐकतो असे स्वतःहून सांगितले. प्रती सगळ्या एकाच आवृत्तीच्या मिळवल्या आहेत, आणि सर्वांना तीन आठवडे आधी वाटल्या.

शाईपेन

काल वाचन झाले. सुखात्मे सगळीकडे जमला असे नाही. दुसऱ्या अंकात दोन ठिकाणी ओळ चुकली, आणि उलटतपासणीला जी धार हवी ती अधूनमधून बोथट झाली. नेहमीच्या वाचकाकडून तसे झाले नसते. बेणारेचा आवाज बदलल्यामुळे ऐकणाऱ्या दोघांना दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला थोडे चुकल्यासारखे वाटले, हेही त्यांनी सांगितले. पण तिसऱ्या अंकात पहिल्या दोन बेणारे आपल्या खुर्च्या ओढून तिसरीच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसल्या. हे कोणी ठरवले नव्हते. सुखात्मे आरोपीच्या वकिलाच्या जागेवर आले आणि त्यांना समोर तिघी दिसल्या, तेव्हा ते प्रत खाली धरून काही क्षण थांबले. ते थांबणे संहितेत नाही. दहा सेकंद आम्ही घड्याळ लावून पाळले. पोपटाची ओळ रंगसूचनावाल्यांनी अगदी हलक्या आवाजात वाचली.

पेले गोळा करायला ते ज्येष्ठ सभासद नेहमीप्रमाणे थांबले होते. पुढच्या महिन्याचे नाटक अजून ठरलेले नाही, तरी ठरल्या दिवशीच मला प्रत द्या, अक्षर बारीक असले तर आधी मोठे करून घ्यावे लागते, असे म्हणाले. समूहाची नाटके आणखी कोणती आहेत ते कोणी सुचवले तर बरे होईल, कारण त्या दोघांना पुढच्या वेळी वाचायचे आहे.